गीझरची घरगुती दुरुस्ती : हक्क, कायदा आणि सुरक्षिततेची सीमारेषा

थंडीची चाहूल लागताच दिल्लीपासून नागपूरपर्यंत आणि इंदूरपासून बेळगावपर्यंत घरोघरचे गीझर पुन्हा सुरू होतात. कित्येक महिने बंद राहिलेल्या या उपकरणांतील बिघाडही याच सुमारास उघड होतात. पाणी पुरेसे तापत नाही, व्हॉल्व्हमधून थेंब गळत राहतात, किंवा बटण दाबताच घरातील वीज जाते. हंगामात कारागीर वेळेवर मिळत नाही, सेवा केंद्राने सांगितलेला खर्च अनेकदा परवडत नाही आणि स्क्रू-ड्रायव्हर तर घरात असतोच. त्यामुळे गीझर स्वतःच उघडून पाहण्याचा मोह अनेकांना होतो.

वस्तू फेकून देण्याऐवजी ती दुरुस्त करून वापरावी, या विचाराला अलीकडच्या काळात सरकारी धोरणाचेही पाठबळ मिळाले आहे. मात्र पंखा किंवा मिक्सर दुरुस्त करणे आणि गीझर दुरुस्त करणे यांत मूलभूत फरक आहे. वीज, पाणी, उष्णता आणि दाब हे चारही घटक ज्यात एकत्र येतात, असे घरातील हे बहुधा एकमेव उपकरण आहे. त्यामुळे गीझरची दुरुस्ती नागरिकाने स्वतः करावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही. त्यासाठी सीमारेषा कोठे आखायची, हे पाहावे लागते.

दुरुस्तीच्या हक्काची पार्श्वभूमी

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट तयार करण्यासाठी एक समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे या समितीपुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू करण्यात आले. उत्पादनाची माहितीपुस्तिका, सुट्या भागांची माहिती, हमीच्या अटी आणि सेवा केंद्रांचे तपशील ग्राहकाला एकाच ठिकाणी मिळावेत, हा त्यामागील उद्देश होता.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती स्थापन झाली आणि मे २०२५ मध्ये तिने आपला अहवाल विभागाला सादर केला. वस्तू किती सहज सुटी करता येते, तिचे भाग किती काळात उपलब्ध होतात, दुरुस्तीची माहिती आणि साधने ग्राहकाला मिळतात का, अशा निकषांवर गुण द्यावेत, असे समितीने सुचवले. मात्र हा विचार सुरुवातीला मोबाइल आणि टॅब्लेट यांच्यापुरता होता.

हा क्रम समजण्यासारखा आहे. मोबाइल चुकीच्या पद्धतीने उघडला, तर बहुतेक वेळा नुकसान त्या मोबाइलपुरते राहते. गीझरच्या बाबतीत मात्र केवळ 'उघडण्यास किती सोपा' हा निकष पुरेसा नाही. तो उघडून पुन्हा बंद केल्यानंतर सुरक्षित राहिला आहे किंवा नाही, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे आणि धोरणविषयक चर्चेत तो अजून फारसा पुढे आलेला नाही.

कायद्याच्या दृष्टीने गीझर

औद्योगिक बॉयलर, म्हणजेच बाष्पक, यासाठी आपल्याकडे १९२३ पासून स्वतंत्र कायदा होता. त्याची जागा २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या बाष्पक अधिनियमाने घेतली. कारखान्यातील बाष्पकाची दुरुस्ती, त्यावरील वेल्डिंग आणि त्यानंतरची तपासणी यांवर या कायद्याचे नियंत्रण आहे. घरगुती गीझर मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. २५ लिटरपेक्षा कमी धारणशक्तीची पात्रे आणि ज्यांत पाणी १०० अंश सेल्सिअसच्या खालीच तापवले जाते अशी पात्रे व्याख्येतून वगळण्यात आली आहेत.

ही सवलत योग्यच आहे, परंतु तिच्यामागील गृहीतक लक्षात घेतले पाहिजे. गीझरमधील पाणी १०० अंशांच्या खाली राहते, ते त्यातील थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीला असलेला थर्मल कट-आउट या दोन छोट्या भागांमुळे. कायद्याने ज्या आधारावर या उपकरणाला घरगुती मानले, तो आधारच एखाद्या चुकीच्या दुरुस्तीने नाहीसा होऊ शकतो.

विजेच्या नियमांनी या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमावलीतील ४५ व्या नियमानुसार ग्राहकाच्या जागेतील वीजजोडणीचे काम, त्यातील भर, बदल किंवा दुरुस्ती ही परवानाधारक ठेकेदारानेच, पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली करावयाची होती. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलण्याला या नियमातून सूट होती. अट एवढीच होती की, त्या बदलामुळे जोडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही हेच तत्त्व कायम राहिले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

या तरतुदीतील 'स्वरूप बदलता कामा नये' हे सूत्र घरगुती दुरुस्तीलाही लागू करण्यासारखे आहे. २ किलोवॅटच्या कॉइलच्या जागी त्याच मापाची कॉइल बसवणे ही दुरुस्ती होय. तीच कॉइल ३ किलोवॅटची बसवणे, १६ अँपिअरच्या सॉकेटऐवजी ६ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर चालवणे किंवा सुरक्षेसाठी असलेला एखादा भाग वगळून वायर थेट जोडणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही. हा उपकरणाच्या स्वरूपातील बदल आहे.

बंबापासून गीझरपर्यंत

महाराष्ट्रातील जुन्या घरांत आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. मध्यभागी विस्तवाची नळी, भोवती पाणी, वरून थंड पाणी ओतण्यासाठी नरसाळे आणि बाजूला तोटी अशी त्याची सोपी रचना होती. बंब गळू लागला, की तो तांबटाकडे नेऊन झाळून घेतला जाई. बंब धुराचा होता, पोळण्याचाही धोका होता, परंतु तो वरून मोकळा असल्यामुळे त्यात दाब साठत नसे. पाणी उकळले, तरी वाफ वरून निघून जाई.

पाणी साठवून तापवणाऱ्या गीझरची टाकी याउलट बंद असते आणि वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब तिच्यावर सतत असतो. दाबाखाली असलेले पाणी १०० अंशांना उकळत नाही. वातावरणाच्या सुमारे सातपट दाबाला त्याचा उत्कलनबिंदू १६५ अंशांच्या आसपास जातो. अशा अतितप्त पाण्याची टाकी फुटली, की दाब एकदम उतरतो आणि पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. सामान्य दाबाला वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १६०० पट असते. टाकीच्या स्फोटामागील कारण हे आहे.

हा प्रसंग टाळण्यासाठी गीझरमध्ये एकामागे एक संरक्षक योजना असतात. ठरावीक तापमानाला थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो निकामी झाला, तर थर्मल कट-आउट वीज तोडतो. तोही निकामी ठरला, तर दाब वाढताच व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर जाते. विजेची गळती झाली, तर अर्थिंग आणि गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, पुरवठा खंडित करतो.

बिघाड आणि इशारा यांतील गल्लत

घरगुती दुरुस्तीतील खरा धोका येथे सुरू होतो. संरक्षक भाग आपले काम करू लागला, की वापरणाऱ्याला तो बिघाड वाटतो. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते, कट-आउट वारंवार वीज तोडतो, गीझर लावताच आरसीसीबी पडतो, या तिन्ही गोष्टी त्रासदायक आहेत. परंतु यांपैकी प्रत्येक गोष्ट आतील दुसऱ्या एखाद्या दोषाचा इशारा असू शकते.

इशाऱ्यालाच बिघाड समजून केलेली दुरुस्ती अनेक घरांत दिसते. ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हचे तोंड बूच मारून बंद केले जाते. कट-आउटच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून तो वगळला जातो. आरसीसीबी पडतो म्हणून गीझरची जोडणी त्याला वळसा घालून केली जाते. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली जाते. या प्रत्येक उपायानंतर गीझर व्यवस्थित चालू लागतो, पाणी उत्तम तापते आणि घरातील मंडळी समाधानी होतात.

गीझरच्या बाबतीत डोळ्यांना दिसणारे आणि प्रत्यक्ष असणारे चित्र अनेकदा परस्परविरुद्ध असते. गार पाणी देणारा गीझर बहुतांशी गैरसोयीचा असतो, घातक नसतो. घातक ठरतो तो गरम पाणी देणारा, परंतु आतील संरक्षण काढून टाकलेला गीझर. पाणी तापले म्हणजे दुरुस्ती झाली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

विजेच्या गळतीबाबतही हेच खरे आहे. जड पाण्यातील क्षार तापमान वाढताच कॉइलवर साचतात. थर जाड झाला, की पाण्याला उष्णता कमी मिळते, कॉइल मात्र अधिक तापते आणि कालांतराने तिचे आवरण तडकते. तडकलेली कॉइल लगेच बंद पडतेच असे नाही. ती पाणी तापवत राहते आणि त्याच वेळी विजेचा अंश टाकीत आणि पाण्यात उतरू शकतो. अर्थिंग आणि आरसीसीबी सुस्थितीत असतील, तर पुरवठा तत्काळ खंडित होतो. घरांत वापरले जाणारे आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतात. २ किलोवॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो, म्हणजे या गळतीच्या जवळजवळ २९० पट. साधा एमसीबी किंवा फ्यूज या किरकोळ गळतीची दखल घेऊ शकत नाही, पण ओल्या अंगाच्या माणसाला ती प्राणघातक ठरू शकते.

वायूवर चालणारा गीझर

एलपीजीवर चालणाऱ्या गीझरमध्ये टाकी नसते, त्यामुळे दाबाचा प्रश्न तेवढा तीव्र नसतो. तेथील धोका हवेचा आहे. लहान, बंद स्नानगृहात ज्योत जळत राहिली, की प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचा संयोग प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट सहजपणे होतो. डोके जड होणे, चक्कर, मळमळ आणि त्यानंतर शुद्ध हरपणे असा त्याचा क्रम असतो. आतून कडी लावलेल्या स्नानगृहात दार उघडण्याची शक्तीही व्यक्तीकडे उरत नाही. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत या प्रकाराची 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावाने नोंद झाली आहे.

एलपीजीची गळती ओळखता यावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे वास येत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, अशी अनेकांची धारणा असते. गळतीपुरती ती बरोबर आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तीच धारणा घात करते. ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली, भांड्यावर काजळी धरली, किंवा आंघोळीनंतर घरातील एकाहून अधिक व्यक्तींचे डोके दुखू लागले, तर गीझर तत्काळ बंद करणे हाच एकमेव उपाय आहे. असा गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवला पाहिजे. धूर बाहेर नेणारी नळी बुजवणे, वाऱ्याने ज्योत विझते म्हणून खिडकी बंद करणे किंवा बर्नरचे जेट घरी मोठे करणे हे प्रकार कोणत्याही परिस्थितीत टाळले पाहिजेत.

ब्रिटनमधील सीमारेषा

ब्रिटनमध्ये घर गरम ठेवण्यासाठी आणि नळाला गरम पाणी देण्यासाठी वायूवर चालणारे बॉयलर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. तेथे १९९८ च्या वायू सुरक्षा नियमांनुसार अशा उपकरणांवर काम करणारी व्यक्ती सक्षम असणे बंधनकारक आहे. व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याला सरकारमान्य नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. १ एप्रिल २००९ पासून 'गॅस सेफ रजिस्टर' ही नोंदवही तेथे लागू झाली. तंत्रज्ञाकडे ओळखपत्र असते आणि कोणत्या कामासाठी तो पात्र आहे, हे त्यावर लिहिलेले असते.

याचा अर्थ घरमालकाने बॉयलरला हातच लावायचा नाही, असा होत नाही. दाबमापकातील दाब कमी झाल्यास पाणी भरून तो पूर्ववत करणे, रेडिएटरमधील हवा काढणे, कडाक्याच्या थंडीत गोठलेली निचऱ्याची नळी कोमट पाण्याने मोकळी करणे ही कामे तेथील नागरिक स्वतः करतात. वायू आणि ज्वलन यांच्याशी संबंधित भाग मात्र नोंदणीकृत तंत्रज्ञच उघडतो. रेषा कोठे आहे, हे तेथील सामान्य माणसालाही ठाऊक असते.

घरच्या घरी काय करता येते

आपल्याकडे अशीच रेषा आखायची झाल्यास गीझरच्या बाहेरील आवरणाचा स्क्रू ही सोयीची खूण ठरेल. आवरण न उघडता करता येण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत.

पाणी तापत नसल्यास प्रथम एमसीबी, सॉकेट, थर्मोस्टॅटचे बटण आणि थंड पाण्याचा कॉक तपासावा. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते आणि २ किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी साधारण १८ मिनिटे पुरतात. त्याहून फारच अधिक वेळ लागू लागला, तर कॉइलवर क्षारांचा थर असण्याची शक्यता विचारात घ्यावी. पाण्याची धार बारीक झाली असल्यास शॉवरची जाळी साफ करावी. वायूच्या गीझरमध्ये ठिणगी पडत नसेल, तर सेल बदलून पाहावेत. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून तो पडतो की नाही, याची खात्री करावी. व्हॉल्व्हचे तोंड मोकळे आहे, याची पाहणी करावी.

प्लग किंवा सॉकेट काळवंडला असल्यास, नळाला हात लावताच मुंग्या आल्यास, पाण्याबरोबर वाफ आल्यास किंवा टाकीतून आवाज येऊ लागल्यास मुख्य स्विच बंद करून कारागिराला बोलवावे. एलपीजीचा वास आल्यास कोणतेही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

विजेचे ज्ञान असलेल्या व्यक्तीला थर्मोस्टॅट किंवा कॉइल बदलणे अवघड नाही, हे मान्य केले पाहिजे. अडचण बसवण्याची नसून बसवल्यानंतरच्या तपासणीची आहे. कॉइलचे विद्युतरोधन शाबूत आहे का, हे मेगर या उपकरणाने मोजावे लागते. अर्थिंग जमिनीपर्यंत पोहोचते का, व्हॉल्व्ह योग्य दाबाला उघडतो का, हेही पाहावे लागते. ही साधने सामान्य घरात नसतात. घरगुती दुरुस्तीची मर्यादा कौशल्यापेक्षा या तपासणीने अधिक ठरते.

उणीव कोठे आहे

परंतु नागरिकांना केवळ 'स्वतः करू नका' असे सांगून प्रश्न सुटत नाही. बोलावलेला कारागीर तरी मेगर घेऊन येतो का, हा प्रश्न तितकाच रास्त आहे. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन यांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत चालतात. वीजजोडणीच्या कामासाठी परवाना देण्याची व्यवस्थाही राज्यांकडे आहे. तरीही गीझर दुरुस्त करणाऱ्याने आपली पात्रता दाखवावी आणि तपासणीची नोंद लिहून द्यावी, अशी प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. कट-आउटला वळसा घालून वायर जोडणारा हात पुष्कळदा घरमालकाचा नसतो, तर अशाच एखाद्या पावती न देणाऱ्या कारागिराचा असतो.

याचे कायदेशीर परिणामही आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाबरोबरच सदोष दुरुस्ती-सेवेमुळे झालेल्या हानीचे दायित्व निश्चित केले आहे. मात्र उत्पादनाचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दावा टिकत नाही. कोणी, केव्हा, कोणता भाग बदलला याची लेखी नोंद नसेल, तर अपघातानंतर जबाबदारी सिद्ध करणे कठीण होते. म्हणून दुरुस्तीची पावती, बदललेल्या भागाचे नाव आणि शक्य असल्यास काढलेला जुना भाग मागून घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे. सेवेबाबत तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची मदत घेता येते.

साठवणुकीच्या विजेच्या गीझरसाठी आयएस २०८२ हे भारतीय मानक आहे आणि २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने त्यावर आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. म्हणजे उपकरण कारखान्यातून बाहेर पडताना त्याची परीक्षा होते. पण दहा वर्षांच्या वापरात तेच उपकरण चार वेळा उघडले गेले, तर त्या चारही वेळी त्याची परीक्षा कोणी घेत नाही. दुरुस्तीच्या हक्काच्या चौकटीत टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तूंचा समावेश आधीपासूनच आहे. गीझरसारख्या वस्तूंसाठी तीत तीन गोष्टींची भर घालणे अशक्य नाही. वापरकर्त्याने काय करावे आणि काय करू नये याची स्थानिक भाषांतील स्पष्ट यादी, सुरक्षेशी संबंधित सुटे भाग वाजवी दरात मिळण्याची हमी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तपासणीची एक साधी चिठ्ठी, या त्या तीन गोष्टी होत.

दुरुस्तीचा हक्क नागरिकाला मिळालाच पाहिजे. हा हक्क केवळ स्क्रू उघडण्यापुरता नाही. स्क्रू पुन्हा बंद केल्यावर घरातील माणूस निर्धास्तपणे आंघोळीला जाऊ शकेल, अशी खात्री मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. ती व्यवस्था उभी राहीपर्यंत गीझर ठिबकू लागला किंवा त्याने वीज तोडली, तर त्याला गप्प करण्याऐवजी तो असे का करतो आहे, हे आधी शोधणे, एवढी दक्षता प्रत्येक घराला घेता येईल.